गैरहजर विद्यार्थी पास की नापास?

एका वर्गात चार विद्यार्थी आहेत असे समजू. गणिताच्या चाचणीत तिघांना अनुक्रमे ७२, ४१ आणि २८ गुण मिळाले. चौथा गैरहजर होता. पास होण्याची रेघ ३५ वर आहे असे धरू. आता सांगा, ३५ पेक्षा कमी गुण असलेले विद्यार्थी किती?

कोणतेही गुरुजी सांगतील, ‘एक, आणि एक गैरहजर.’ गैरहजर किती हे कोणी विचारलेले नव्हते, तरी गुरुजी ते सांगतात. त्या मुलाने पेपर लिहिलेलाच नाही. मग त्याला पास म्हणायचे कसे आणि नापास तरी कसे?

हाच प्रश्न आता संगणकाला विचारू. संख्याशास्त्राच्या कामासाठी ज्या संगणकीय भाषा जगभर वापरल्या जातात, त्यांतील सॅस ही भाषा उत्तर देईल ‘दोन’. स्टॅटा म्हणेल ‘एक’. पण त्याच स्टॅटाला उलट बाजूने विचारा, की ३५ किंवा अधिक गुण असलेले किती, तर ती म्हणेल ‘तीन’. आर नावाची भाषा दोन इंग्रजी अक्षरे पुढे करील, एन आणि ए. म्हणजे ‘सांगता येत नाही’. पायथॉनमधील पांडाज म्हणेल, ३५ च्या खाली एक, ३५ किंवा वर दोन. बेरीज तीनच झाली. चौथा मुलगा कुठे गेला, हे ती आपणहून सांगणार नाही.

चारही ठिकाणी ‘पेक्षा कमी’ साठी लिहिलेली खूण एकच आहे: <. चारही यंत्रांनी ती न अडखळता वाचली, आणि उत्तरे मात्र वेगवेगळी दिली. सॅसचे ऐकले तर गैरहजर मुलगा नापास, स्टॅटाचे ऐकले तर पास. वर्गाचा निकाल सॅसच्या हिशोबाने चारांत दोन पास, म्हणजे ५० टक्के. स्टॅटाच्या हिशोबाने चारांत तीन, म्हणजे ७५ टक्के. आणि गैरहजराला बाजूला ठेवले तर तिघांत दोन, म्हणजे जवळजवळ ६७ टक्के. निकालाच्या टक्क्यावरून शाळेची गावात काय पत राहते, हे विश्वस्त मंडळींना आम्ही सांगायला नको.

हा विषय काढण्याचे कारण असे. शाळेत संगणकाच्या तासाला नुसते टंकलेखन आणि चित्रे काढणे पुरे नाही, आकडेवारी हाताळण्याची एखादी भाषाही मुलांना शिकवावी, असे हल्ली सगळीकडे बोलले जाते. त्यावर पालकांचा प्रश्न ठरलेला असतो: ‘कोणती भाषा? इथे एक शिकवाल आणि पोरगं उदगीरला, लातूरला, हैदराबादला किंवा पुण्याला गेलं की तिथे दुसरीच असेल. मग पहिल्यापासून शिकायचं का?’ प्रश्न रास्त आहे. मग कोणीतरी तोडगा सुचवतो, की एकमेकींशी जुळणाऱ्या भाषांपैकी एक घ्या, म्हणजे एकीत लिहिलेले दुसरीत चालते आणि कष्ट वाचतात. या तोडग्याला आमचा विरोध नाही. पण ‘जुळणे’ या शब्दात दोन निरनिराळ्या गोष्टी मिसळल्या गेल्या आहेत, आणि त्या वेगळ्या केल्याशिवाय मुलांना कोणतीही भाषा शिकवण्यात अर्थ नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आपल्या मुलांना हे समजावणे सोपे जावे. मराठीच्या तासाला ‘शिक्षा’ म्हणजे छडी किंवा अंगठे धरून उभे राहणे. पुढच्याच तासाला हिंदीच्या पुस्तकात ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण. लिपी एक, अक्षरे एक, आणि अर्थ असा की एकाने मुलगा पळून जावा, दुसऱ्याने शाळेत यावा. उलट कन्नडच्या तासाला लिपी वेगळी, अक्षरांचे वळण वेगळे. पण ‘शिक्षे’ हा शब्द ओळखून वाचला की अर्थ आपल्या मराठीतलाच निघतो. कन्नड लिपी येत नसेल तर मूल अडते, विचारते आणि शिकते. हिंदीत ते अडतच नाही. आपल्याला समजले असे मानून पुढे जाते आणि तिथेच फसते.

संगणकीय भाषांचे हेच आहे. जिथे लिहिण्याची रीत वेगळी असते तिथे यंत्र ओरडते. जिथे रीत एक आणि अर्थ वेगळा असतो तिथे यंत्र गप्प बसते.

गैरहजर मुलाचा घोळ मुळात झाला कसा, तेही पाहण्यासारखे आहे. सॅसची सुरुवात अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्यात, शेतीच्या प्रयोगांची आकडेवारी तपासण्यासाठी झाली. तिची कंपनी १९७६ साली स्थापन झाली. स्टॅटा १९८५ ची. आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत रांगेत लावायचे, तर ज्याचा आकडाच नाही त्याला उभे कुठे करायचे, हा प्रश्न दोघींपुढेही होता. सॅसने त्याला रांगेच्या अगदी पुढे उभे केले, सर्वात लहान आकड्याच्याही आधी. स्टॅटाने त्याला रांगेच्या शेवटी नेले, सर्वात मोठ्या आकड्याच्याही पलीकडे. रांग लावण्यापुरती ही सोय ठीक होती. पण एकदा रांगेत उभा केला, की ‘३५ पेक्षा कमी कोण’ या प्रश्नालाही तो तिथूनच हात वर करतो. दोघींच्या पुस्तकांत हा नियम स्पष्ट छापलेला आहे, लपवाछपवी काही नाही. पुस्तक उघडण्याची गरजच वाटत नाही, एवढेच. < ही खूण तर चौथीतले मूलही ओळखते!

आरने तिसरी वाट धरली. ‘हो’ आणि ‘नाही’ यांच्याबरोबर ‘सांगता येत नाही’ असे तिसरे उत्तर तिने ठेवले. नवशिक्याला याचा राग येतो. एका मुलाच्या गैरहजेरीमुळे सगळ्या वर्गाची सरासरीही ‘सांगता येत नाही’ अशी येते, आणि गैरहजरांना वगळा असे आपण मुद्दाम लिहून दिल्याशिवाय ती पुढे सरकत नाही. आम्हाला तिचा हा हट्ट आवडतो. वगळायचे की नाही हे माणसाने ठरवायचे असते, आणि आर ते त्याच्याकडून लेखी घेते.

आता सख्ख्या भाषांकडे येऊ. अमेरिकेतील बेल लॅबोरेटरीज या प्रयोगशाळेत १९७६ साली जॉन चेंबर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संख्याशास्त्रासाठी एक भाषा बनवायला घेतली. तिचे नाव नुसते एक अक्षर, एस. पुढे १९८८ मध्ये तिचीच सुधारलेली, विकत मिळणारी आवृत्ती एस-प्लस बाजारात आली. त्यानंतर न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन या दोन शिक्षकांनी एसच्याच वळणावर नवी भाषा लिहिली. दोघांच्याही पहिल्या नावाचे आद्याक्षर आर, आणि इंग्रजी वर्णमालेत आर हे एसच्या अगदी आधीचे अक्षर. नाव पडले आर. १९९५ मध्ये त्यांनी ती कोणालाही फुकट वापरता यावी, वाचता यावी आणि बदलता यावी अशा परवान्याखाली खुली केली. १.० ही आवृत्ती निघाली २९ फेब्रुवारी २००० रोजी; चार वर्षांतून एकदा येणारा वाढदिवस!

आर एवढी झपाट्याने पसरली याचे एक मोठे कारण म्हणजे ही जुळणीच. एससाठी लिहिलेली पुस्तके, विद्यापीठांतील टिपणे, संशोधकांनी वर्षानुवर्षे जमवलेल्या आज्ञावल्या यांतले पुष्कळसे थोड्याफार दुरुस्तीने आरमध्ये चालू लागले. एस-प्लसमध्ये आलेखांची ‘ट्रेलिस’ नावाची एक नामांकित पद्धत होती. तिच्या धर्तीवर आरसाठी ‘लॅटिस’ हा संच लिहिला तो आपल्या देशातील दीपायन सरकार यांनी, जे पुढे भारतीय सांख्यिकी संस्थेच्या दिल्ली केंद्रात प्राध्यापक झाले. आज आर घेतली की तो संच बरोबरच येतो. पुण्यातील सुधा पुरोहित, शरद गोरे आणि शैलजा देशमुख या प्राध्यापकांनी २००८ साली ‘स्टॅटिस्टिक्स यूझिंग आर’ हे पुस्तक लिहिले. ज्या भाषेला पैसे पडत नाहीत तिच्यात आपल्याकडच्या महाविद्यालयांनी शिकवायला लागावे, यात नवल नाही. तेव्हा वाक्यरचना जुळण्याचे फायदे आम्ही नाकारीत नाही. त्या जुळणीनेच गरीब शाळेला श्रीमंत प्रयोगशाळेचे दार उघडून दिले.

तरी या सख्ख्या बहिणींतही फरक आहेतच. काही गोंगाट करणारे, काही मुके.

गोंगाट करणारा एक गमतीचा आहे. एसमध्ये एखाद्या नावात किंमत ठेवायची तर डावीकडे तोंड केलेला बाण लिहितात: <-. पण याच कामासाठी तिथे अधोरेषाही चालत असे: _. अधोरेषेचा आणि बाणाचा संबंध काय? १९६३ साली अमेरिकेत संगणकासाठी अक्षरांचे जे प्रमाण कोष्टक ठरले, त्यात अधोरेषेच्या जागी चक्क डावा बाण होता. १९६७ च्या सुधारणेत बाण गेला आणि त्याच घरात अधोरेषा राहायला आली. भाडेकरू बदलला, पण घराचा नंबर तोच. त्यामुळे जुन्या एसमध्ये (नावे इथे सोयीसाठी देवनागरीत लिहितो) ‘गुण_३५’ याचा अर्थ, गुण या नावात ३५ ठेव. आरने ही सोय २००३ मध्ये काढून टाकली, आणि २००४ पासून अधोरेषा नावाचाच भाग होऊ शकते. आजच्या आरला ‘गुण_३५’ हे एक अखंड नाव दिसते. असे नाव कुठे सापडले नाही की ती तक्रार करते. माणूस चिडतो, शोधतो, दुरुस्त करतो. नुकसान पाच मिनिटांचे.

मुक्या फरकाचे उदाहरण आरच्या अधिकृत प्रस्तावना-पुस्तिकेतच दिले आहे. ‘घन’ नावाचे एक फंक्शन बनवायचे. त्याला एक संख्या द्यायची. तिला ‘अ’ म्हणू. घनच्या पोटात ‘वर्ग’ नावाचे एक छोटे फंक्शन आहे, ते ‘अ गुणिले अ’ करून देते. मग घन ‘अ गुणिले वर्ग’ करते. आपण घनला २ दिले. उत्तर ८ यायला हवे, आणि आरमध्ये ८ च येते. एसमध्ये तसे नाही. छोट्या वर्गजवळ स्वतःचा ‘अ’ नाही, म्हणून तो शोधायला बाहेर पडतो. आरमधला वर्ग आधी जिथे जन्मला त्या घरात, म्हणजे घनच्या पोटात पाहतो. तिथे ‘अ’ म्हणजे २. एसमधला वर्ग घरात न पाहता थेट गावच्या चावडीवर जातो. चावडीवर ‘अ’ नावाचे काही नसेल तर तक्रार येते, तेही बरे. पण सकाळी दुसऱ्याच कामासाठी कोणी तिथे ‘अ’ या नावात ३ ठेवून गेला असेल, तर वर्ग ९ घेऊन परततो आणि घन सांगतो १८. दोनाचा घन अठरा! कुठे लाल अक्षरे नाहीत, कसली सूचना नाही. घरातल्या पोराने ‘आजीला विचारून येतो’ म्हटले तर ते आधी घरातल्या आजीकडे जाते, चावडीवर बसलेल्या कुठल्यातरी आजीकडे नाही. इहाका आणि जेंटलमन यांनी हा शहाणपणा स्कीम नावाच्या दुसऱ्याच एका भाषेतून उचलला. वाक्यरचना एसची ठेवली आणि अर्थ लावण्याची रीत स्कीमची घेतली. त्यांचा निर्णय योग्यच होता. पण एक आज्ञावली दोन्हीकडे चालली याचा अर्थ तिने दोन्हीकडे तेच केले, असा होत नाही, हे त्या एका उदाहरणात दिसते.

पायथॉन ही आरची बहीण नव्हे. फार तर शेजारीण म्हणा. पांडाजमध्ये तक्त्याची जी कल्पना आहे ती मात्र आरवरून घेतलेली. या दोघींत मुलगा रोज ये-जा करणार, म्हणून दोन मासले देतो. ‘गुण[१]’ असे लिहिले तर आर पहिल्या मुलाचे गुण देते, ७२. पायथॉन मोजायला शून्यापासून लागते, म्हणून ती साध्या यादीतून दुसऱ्याचे देते, ४१. आणि ‘तापमान<-२’ असे मोकळी जागा न सोडता लिहिले, तर पायथॉन विचारते, तापमान उणे दोनाच्या खाली आहे का? आर ते वाचते, तापमान या नावात २ ठेव. आधी तिथे वर्षभराचे आकडे असतील तर ते गेले. (आपल्याकडे थंडीत पारा उणे दोनावर जात नाही म्हणून हा प्रसंग टळतो, इतकेच!)

पालक म्हणतील, हे सगळे दूरचे झाले. तर जवळचे सांगतो. पुष्कळ शाळांच्या कार्यालयांत निकाल एक्सेलमध्ये तयार होतो. गुणांच्या रकान्यात गैरहजर मुलाची चौकट रिकामी ठेवा, आणि शेजारी सूत्र लिहा की ३५ पेक्षा कमी असेल तर ‘नापास’, नाहीतर ‘पास’. एक्सेल रिकाम्या चौकटीला शून्य समजून ‘नापास’ छापते. आता त्याच चौकटीत ‘गै’ असे अक्षर लिहा. सूत्र तेच. आता छापले जाते ‘पास’! कारण तुलना करताना एक्सेल कोणताही मजकूर कोणत्याही आकड्यापेक्षा मोठा मानते. एकच कार्यक्रम, एकच सूत्र, एकच मुलगा. लिपिकाने चौकट रिकामी सोडली की ‘गै’ लिहिले यावर त्याचे पास-नापास ठरते. सरासरीचे सूत्र घ्या. रिकामी चौकट ते सोडून देते, आणि तिघांच्या १४१ गुणांची सरासरी ४७ येते. कोणी नीटनेटकेपणासाठी रिकाम्या जागी ० भरले, की तीच सरासरी ३५.२५ होते. विद्यार्थी मित्रांनो, हे वाचून विश्वास ठेवू नका. उद्या संगणकाच्या खोलीत जाऊन करून पाहा.

नाव तेच आणि वस्तू वेगळी, हा अनुभव आपल्या भागाला आकड्यांच्या बाबतीतही आहे. १९५१ च्या जनगणनेत ‘बीदर जिल्हा’ आहे आणि १९६१ च्या जनगणनेतही ‘बीदर जिल्हा’ आहे. एखाद्या मुलाने दोन आकडे शेजारी ठेवून लोकसंख्या किती वाढली वा घटली असे गणित केले, तर यंत्र आनंदाने उत्तर देईल. पण १९५१ च्या बीदरमध्ये उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याची वाटणी झाली तेव्हा ते मुंबई राज्यात, उस्मानाबाद जिल्ह्यात गेले. जहिराबादकडचा भाग आंध्र प्रदेशात गेला. आपण उरलेल्या बीदरबरोबर म्हैसूर राज्यात आलो. उदगीर पुढे १९८२ मध्ये लातूर जिल्ह्यात आले. म्हणजे बीदर हे अक्षर तेच, आणि मोजलेली माणसे वेगळी. जनगणनेची पुस्तके करणारे लोक सावध असतात; मागच्या दशकांशी तुलना देताना ते जुने आकडे नव्या सीमांप्रमाणे फिरवून देतात. नुसता रकाना उचलणारा मात्र फसतो.

उलट ‘गुलबर्गा’ आणि ‘कलबुर्गी’ पाहा. २०११ च्या जनगणनेतले गुलबर्गा आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये नाव बदलल्यानंतरचे कलबुर्गी हा एकच जिल्हा. यंत्राला ते कळत नाही. दोन तक्ते जोडायला सांगितले की ते कलबुर्गीची ओळ मोकळी सोडते. मोकळी ओळ डोळ्यांत भरते आणि माणूस दुरुस्त करतो. पण २००१ आणि २०११ मध्ये दोन्हीकडे ‘गुलबर्गा’ असेच लिहिलेले असले, तरी मध्यंतरी २०१० च्या सुमारास यादगीर वेगळा जिल्हा झाला. तिथे तक्ते बिनतक्रार जोडले जातात आणि उत्तर चुकते. ‘ध’चा ‘मा’ केल्याने काय होते हे आपण इतिहासात वाचतो. इथे तर एकही अक्षर न बदलता तेच होते.

आणखी एक बाजू आहे, ती पैशाची. भाषा कोणाच्या मालकीची? सॅसमध्ये लिहिलेल्या आज्ञावल्या जशाच्या तशा चालतील असा दुसरा कार्यक्रम वर्ल्ड प्रोग्रॅमिंग या ब्रिटिश कंपनीने बनवला आणि सॅसने तिला कोर्टात खेचले. २ मे २०१२ रोजी युरोपीय संघाच्या न्यायालयाने सांगितले की कार्यक्रम काय काम करतो ते, त्याची भाषा आणि त्याच्या फायलींची मांडणी यांवर लेखनहक्क सांगता येत नाही. अमेरिकेत मात्र परवान्याच्या अटी मोडल्याच्या आणि फसवणुकीच्या कारणावरून त्याच ब्रिटिश कंपनीला २०१५ मध्ये तिप्पट धरून सुमारे ७ कोटी ९० लाख डॉलरची भरपाई ठोठावली गेली. या वादात आमच्या मते शाळेने लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट एवढीच, की ज्याने दहा वर्षे एका कंपनीच्या भाषेत आपले हिशोब लिहिले, त्याला ते हिशोब दुसरीकडे नेता येतील की नाही हे कोर्टात ठरत होते. बाराखडी कोणाच्या मालकीची नसते. आपल्या मुलांचे काम ज्या लेखणीने लिहायचे ती लेखणी दर वर्षी भाड्याने घ्यावी लागू नये. म्हणून भाषा निवडायचीच तर आर निवडावी, असे आम्ही म्हणू. ती फुकट आहे, जुन्या संगणकावरही बऱ्यापैकी चालते, एकदा पेन-ड्राइव्हवरून घातली की वीज असली तरी पुरे, इंटरनेट गेले तरी अडत नाही. मुंबईच्या आयआयटीतील फॉसी प्रकल्प आरचा प्रसार करतो आणि तिथल्याच स्पोकन ट्युटोरियल उपक्रमात तिचे पाठ आहेत, तेव्हा शिक्षकांनाही आधार आहे.

पण आर आणली म्हणजे काम झाले असे नाही. विश्वस्तांपुढे ‘आमच्या शाळेत अमुक इतक्या भाषा शिकवतात’ असे सांगण्याचा मोह होतो. एक भाषा शिकवावी आणि ती खोल शिकवावी. पहिले काही तास यंत्राला हात न लावता, हजेरीपट आणि गुणपत्रक घेऊन, वर्गाचा निकाल कागदावर काढावा. त्यात गैरहजर मुले असलीच पाहिजेत. नसतील तर मुद्दाम घालावीत. मग तेच यंत्राकडून काढून घ्यावे आणि दोन्ही उत्तरे शेजारी ठेवावीत. पुढे कोणतीही नवी भाषा, नवे सूत्र, नवा कार्यक्रम समोर आला की सुरुवातीच्या त्या चार विद्यार्थ्यांना आधी त्याच्यासमोर उभे करावे: ७२, ४१, २८ आणि गैरहजर. चौथ्याचे तो काय करतो हे कळेपर्यंत त्याच्या हातात खरा निकाल देऊ नये. हे ज्या मुलाला जमले, त्याला पुण्यात सॅस भेटो की हैदराबादेत पायथॉन, वाक्यरचना शिकायला फार दिवस लागणार नाहीत. नोकरीच्या जाहिरातीत भाषांची नावे असतात हे खरे, पण दोनाचा घन अठरा आला तर तो पकडणारा माणूसच तिथे उपयोगी पडतो.

शाळेच्या कार्यालयानेही गैरहजराच्या जागी ० कधी लिहू नये. तिथे एकच ठरलेली खूण असावी, आणि निकालाच्या तक्त्यावर पास, नापास यांच्या शेजारी गैरहजरांचा तिसरा रकाना छापावा. तिन्हींची बेरीज पटाशी जुळलीच पाहिजे. गुणांची मूळ नोंद साध्या मजकुराच्या फाईलमध्ये, स्वल्पविराम घालून ठेवावी, म्हणजे ती कोणत्याही भाषेत उघडेल.

चौथा मुलगा गैरहजर का होता, हेही विचारायला हवे. आपल्या भागात तो बहुतेक वेळा आळशीपणाने गैरहजर नसतो. दसरा-दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलेला असतो, किंवा घरी धाकट्या भावंडांना सांभाळत असतो. त्याला नापास धरले तर तो पट सोडतो. पास धरले तर तो मागे पडल्याचे कोणाच्या लक्षातच येत नाही. वगळून टाकले तर तो तक्त्यात नसतोच, आणि निकालाचा टक्का चांगला दिसतो. पालकसभेत निकाल वाचून दाखवतील तेव्हा पालकांनी टक्का ऐकून टाळ्या वाजवण्याआधी पटावर किती आणि तक्त्यात किती, एवढे दोन आकडे मागून घ्यावेत.